"पिक्चर कसा होता?" एवढंच विचारून थांबू नका



सोमवारी सकाळी परिपाठाची घंटा व्हायच्या आधी पाच मिनिटं वर्गाच्या दाराबाहेर गुपचूप उभं राहून बघा. आत काय चाललेलं असतं? गृहपाठाची चर्चा नक्कीच नसते. रविवारी कुणी काय बघितलं याच्या गप्पा रंगलेल्या असतात. "लई भारी." "नाद खुळा!" "इंटरव्हलनंतर झोपलो मी." कुणी हिरोची चाल करून दाखवतो, कुणी संवाद म्हणतो, कुणी शेवट सांगून टाकला म्हणून भांडतो. एरवी प्रश्न विचारला की खाली बघणारी मुलंही त्या पाच मिनिटांत हात हलवून बोलत असतात. मग आपण आत जातो. "चला, गप्प बसा, पुस्तकं काढा." आणि वर्ग शांत होतो.

मी मराठी शिकवते. आधी बरीच वर्षं सातारा जिल्ह्यात होते, आता सांगली जिल्ह्यात आहे. इतक्या वर्षांनी माझं स्पष्ट मत असं झालंय, की ती पाच मिनिटं म्हणजे मराठीचा सगळ्यात चांगला तास असतो आणि तो आपण रोज बंद पाडतो. हे मत मला फुकट मिळालेलं नाही. त्यासाठी आधी माझी एक चूक सांगते.

२०१६ सालचा जून. एप्रिलच्या शेवटी 'सैराट' आला होता आणि सुट्टीभर गावोगावी 'झिंगाट' वाजत होतं. शाळा उघडल्यावर मी नववीला दहा ओळी लिहायला दिल्या, 'सुट्टीत पाहिलेला चित्रपट'. बहुतेकांनी एकच लिहिलं. दिग्दर्शक नागराज मंजुळे, संगीत अजय-अतुल, गाणी छान, शेवट दुःखद. एका मुलीनं मात्र साधारण असं लिहिलं होतं: मला हा पिक्चर आवडला नाही. आमच्याकडे माहेरची माणसं पिशव्या घेऊन दारात आली की आई आधी चहा टाकते. आर्चीनंपण चहाच टाकला. आता आमच्याकडं पाहुणे आले की मला त्यांच्या पिशवीकडं बघायची भीती वाटते.

मी लाल पेनानं खाली काय लिहिलं असेल? "विषयाला धरून लिही. कथा, कलाकार, गाणी यांची माहिती दे." आणि दहापैकी चार गुण. ज्यानं नावांची यादी उतरवली होती, त्याला आठ.

दहावीच्या सराव परीक्षेत त्याच मुलीनं 'माझा आवडता चित्रपट' हा निबंध निवडला. 'श्यामची आई' वर सुरेख अक्षरात पानभर लिहिलं होतं. आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, मातृप्रेमाचं मंगल स्तोत्र वगैरे सगळं. गाईडमधलं, शब्दनशब्द. मी तिला विचारलं, "बघितलास का गं हा पिक्चर?" ती म्हणाली, "नाही मॅडम, पण मार्क पडतात."

हे तिला मीच शिकवलं होतं. नववीत तिनं आतलं काहीतरी माझ्यासमोर ठेवलं होतं, घरातल्या चहाशी आणि पिशवीशी जोडून. त्या सिनेमाबद्दल इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. ते तिचं मत होतं आणि मी ते खोडलं. शिवाय तिला कसली भीती वाटतेय, ती नुसती सिनेमातली आहे की घराजवळची, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. आज वाटतं, शिक्षक म्हणून माझं खरं काम तिथंच होतं.

मत म्हणजे काय, हे आपण मुलांना शिकवतच नाही. 'आवडला', 'बोर झाला', 'एक नंबर' हे झाले शेरे. शेऱ्याच्या पुढं 'कारण' आलं की त्याचं मत होतं. आणि ते कारण सिनेमातल्या एखाद्या प्रसंगात दाखवता आलं, की तेच रसग्रहण. दहावीला कवितेचं रसग्रहण येत नाही म्हणून आपण डोक्याला हात लावतो. पण ज्या मुलाला "तुला असं का वाटलं?" हा प्रश्न दहा वर्षांत कुणी विचारलाच नाही, त्याला ते येणार कुठून?

आता अलीकडचं उदाहरण. फेब्रुवारी २०२५ मध्ये शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा 'छावा' आला. वर्गात दुसरा विषय नव्हता. एक मुलगा म्हणाला, "मला मारामारीच जास्त वाटली. महाराज लिहायचे, त्यांना संस्कृत यायचं, ते आणखी दाखवायला पाहिजे होतं." त्यावर चार-पाच जण अंगावर धावले, "तू महाराजांच्या विरोधात बोलतो काय?" तो पोरगा पांढराफटक पडला.

सातारा-सांगलीकडं हा विषय किती जिव्हाळ्याचा आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. पण म्हणूनच शिक्षकानं तिथं मध्ये उभं राहायला हवं. महाराज वेगळे आणि महाराजांवर कुणीतरी काढलेला सिनेमा वेगळा, हा फरक मुलांना कळला नाही तर पुढं त्यांना वर्तमानपत्रातली बातमी आणि अग्रलेख यांतला फरकही कळणार नाही. त्या मुलाचा महाराजांबद्दलचा आदर उलट जास्तच होता. त्याला महाराज आणखी पूर्ण बघायचे होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण नंतर येसूबाईंचं काय झालं?" झालं, भांडण तिथंच थांबलं. १६८९ मध्ये रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहूंची सुटका झाली आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. येसूबाई परत यायला १७१९ साल उजाडलं. म्हणजे तीस वर्षं! वर्गात कुणीतरी बोटांवर मोजलं आणि म्हणालं, "आपल्या आईच्या वयाएवढी." सिनेमा जिथं संपतो, तिथून पुढं आपल्या साताऱ्याचा इतिहास सुरू होतो. हा दुवा मी काढला नाही, एका मुलीच्या प्रश्नानं काढला.

आपल्या भागात तर अशा दुव्यांची खाण आहे. वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणविसांचा घाट तुम्ही पाहिला असेल. २००४ च्या 'स्वदेस' मध्ये तोच घाट चरणपूर नावाच्या गावाचा झाला. मुलांना सहलीला तिथं न्या आणि विचारा, की कॅमेऱ्यानं काय दाखवलं आणि काय लपवलं? पडद्यावर दिसतं ते सगळं जसंच्या तसं नसतं, कुणीतरी ते निवडलेलं असतं, हे एका सहलीत कळून जातं.

पण मला सगळ्यात जवळचं उदाहरण वाटतं ते 'दो आँखें बारह हाथ' चं. १९५७ चा व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट. सहा खुनी कैद्यांना एक जेलर तुरुंगाबाहेर माळरानावर नेतो, त्यांच्याकडून शेती करून घेतो आणि त्यांना माणसांत आणतो. त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. पण आपल्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. ही कल्पना हवेतून आलेली नाही. औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, १९३९ मध्ये, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या अभियंत्याचा त्यात मोठा वाटा होता. भोवती भिंत नाही, कैद्यांनी शेती करायची, कुटुंबासह राहायचं. आणि चित्रपट लिहिला कुणी? आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याच्या गदिमांनी. औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी सांगली जिल्ह्यात. म्हणजे बर्लिनपर्यंत पोचलेल्या सिनेमाचं मूळ आपल्या दोन जिल्ह्यांच्या माळावर आहे, आणि आपल्याच मुलांना ते ठाऊक नाही.

मी हा सिनेमा नववीला चार तासिकांत तुकड्या-तुकड्यानं दाखवला. काळा-पांढरा म्हणून सुरुवातीला कुरकुर झाली. "मॅडम, कलर बिघडलाय का?" असंही एकानं विचारलं. दुसऱ्या दिवशी मात्र तासाच्या आधीच खिडक्या लावून पोरं बसलेली.

शेवटी मी एकच प्रश्न टाकला, पटलं का? एक मुलगा उठला, "नाही पटलं. नुसत्या डोळ्यांना घाबरून कैदी परत येतात होय?" अर्धा वर्ग हसला. मी काही बोलले नाही. मग एक मुलगा हळूच उभा राहिला. त्याचे वडील गलाईच्या धंद्यात दक्षिणेकडं असतात. विटा-आटपाडीकडच्या किती घरांत हे चित्र आहे ते तुम्हाला माहीतच आहे. तो म्हणाला, "मला पटलं. पप्पा वर्षातनं एकदाच येतात. पण मी खोटं बोलायला लागलो की मला त्यांचे डोळे दिसतात." कुणी हसलं नाही. आणि मग तिसरीनं विचारलं, "पण ज्यांचा खून झाला, त्यांच्या घरच्यांनी हा पिक्चर बघितला तर त्यांना काय वाटंल?"

खरं सांगते, या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि मी तसं सांगितलं. तीन मुलांची तीन मतं आणि तिन्ही खरी. गाईडमध्ये यातलं एकही सापडणार नाही.

आता तुमच्या मनातले आक्षेप. पहिला, "अभ्यासक्रम कधी संपवायचा?" मी महिन्यातून एक तास देते, एवढंच. आणि मुलं लिहायला लागली की तो तास निबंधात, रसग्रहणात परत मिळतो. दुसरा आक्षेप पालकांचा, "मुलं नको ते बघतात, त्यात शाळेनं आणखी खतपाणी कशाला?" काळजी रास्त आहे. चित्रपटाच्या प्रमाणपत्राकडं आपण बघतच नाही. आता यूए मध्येही ७+, १३+, १६+ असे वयाचे गट आलेत, तिकीट काढताना ते जरूर बघा. पण मोबाईलवर मुलं जे बघायचं ते बघतातच. प्रश्न एवढाच, की बघितल्यावर ती कुणाशी बोलतात?

माझ्या लहानपणी पुसेगावच्या यात्रेत तंबूतला सिनेमा बघायला घरची सगळी जायची. खाली पोतं अंथरून बसायचं. सिनेमा संपला की अंधारातनं चालत येताना आजी, काका, शेजारची माणसं, सगळ्यांची मतं चालायची. आजी व्हिलनला घरापर्यंत शिव्या द्यायची. सिनेमा दोन-अडीच तासांचा, पण बोलणं आठवडाभर. आज मूल पांघरुणात एकटं बघतं आणि एकटंच झोपतं. त्याला काय खटकलं, कशाची भीती वाटली, हे विचारायला वाटेत कुणी नसतं. ती वाट आता घरानं आणि शाळेनं व्हायला हवं.

म्हणून जाता जाता, मी वर्गात विचारते ते पाच प्रश्न देते. घरी जेवताना विचारले तरी चालतील.

१. कुठला प्रसंग डोक्यातनं जात नाही? तो आधी सांग.
२. कुणाचं वागणं पटलं नाही? तू त्या जागी असतास तर काय केलं असतंस?
३. काय खरं वाटलं, काय खोटं? कशावरून?
४. काय दाखवायचं राहून गेलं?
५. हे बघताना तुला आपल्यातलं कोण आठवलं?

दोन पथ्यं तेवढी पाळा. मुलानं सांगायच्या आधी आपलं मत सांगू नका, नाहीतर ते आपलंच मत आपल्याला परत देतं. आणि मत न पटलं तरी खोडू नका, फक्त "का?" विचारा. पाचव्या प्रश्नाचं उत्तर आलं, तर वही-पेन बाजूला ठेवून नीट ऐका. कधीकधी तिथं सिनेमा संपलेला असतो आणि मूल स्वतःबद्दल बोलत असतं.

त्या मुलीची वही आज माझ्याकडं नाही. असती तर ते चार गुण खोडले असते आणि खाली लिहिलं असतं, "तुला हे कशामुळं वाटलं, मला सांगशील? मधल्या सुट्टीत ये."

येत्या सोमवारी वर्गात शिरताना पाच मिनिटं थांबून ऐका, आणि मग आत जाऊन "गप्प बसा" च्या ऐवजी विचारा, "काय बघितलं रे रविवारी?" मुलांनी काय सांगितलं ते मलाही जरूर कळवा.