सुनीताला आडनाव का नव्हतं

माझ्या हातात दिलेल्या कागदावर असं लिहिलं होतं: "सुनीता, वय २१. रायपूरजवळच्या गावात राहते. घरातून कॉलेजला गेलेली पहिलीच. शिष्यवृत्तीसाठी तिला जातीचा दाखला हवा आहे. ती मोबाइलवर ॲप उघडते, माहिती भरते, कागदपत्रांचे फोटो टाकते. मध्येच रेंज जाते. ॲप अर्धी भरलेली माहिती जपून ठेवतं. संध्याकाळी रेंज आल्यावर ती फॉर्म पूर्ण करते." बाजूला एका हसऱ्या मुलीचं चित्र होतं. वेणी, पाठीवर बॅग.

मी तो कागद दोन-तीनदा वाचला. गोष्ट जातीच्या दाखल्याची होती आणि तिच्यात जात कुठेच नव्हती. सुनीताला आडनावसुद्धा नव्हतं.

पीएचडीची फेलोशिप सहा महिने अडकली होती तेव्हाची ही गोष्ट. बाहेरच्या एका डिझाइन कंपनीला रायपुरात फील्डवर्क करणारं कुणीतरी हवं होतं, हिंदी आणि छत्तीसगढी येणारं. मी समाजशास्त्रात एमए केलेली, घरात मराठी बोलणारी, शाळेपासून बाकी सगळं हिंदीत करणारी, मी गेले. कंपनीचं नाव घेत नाही. माणसं वाईट नव्हती, पैसेही वेळेवर मिळाले. काम असं होतं की च्वाइस सेंटरवर बसायचं (ऑनलाइन सरकारी कामं करून देणाऱ्या दुकानाला आमच्याकडे हेच म्हणतात), आलेल्या लोकांशी बोलायचं आणि त्यावरून 'सिनॅरिओ' लिहायचे.

सिनॅरिओ म्हणजे छोटी गोष्ट. एखादी वस्तू, ॲप किंवा सेवा तयार करण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाची गोष्ट लिहायची. तो कोण, कुठे आहे, त्याला काय हवंय, तो काय करतो, कुठे अडतो. जॉन कॅरल या संशोधकाने १९९५ साली या पद्धतीवर एक आख्खं पुस्तक संपादित केलं. ॲलन कूपरने १९९९ च्या आपल्या पुस्तकात 'पर्सोना' म्हणजे नाव-गाव असलेला कल्पित वापरकर्ता रूढ केला. यामागचा विचार साधा आणि चांगला आहे. इंजिनिअरला मोकळं सोडलं तर तो स्वतःसाठीच वस्तू बनवतो. गोष्ट लिहायला लावली की त्याला दुसऱ्या माणसाचा विचार करावा लागतो. मला ही पद्धत मनापासून आवडते. किती जणांनी फॉर्म अर्ध्यात सोडला हे आकडा सांगतो. का सोडला ते गोष्टच सांगू शकते.

पण कॅरल सिनॅरिओचे जे घटक सांगतो त्यात जागा आहे, हेतू आहे, कृती आणि घटना आहेत, आणि पात्रं आहेत. पात्रं, अनेकवचनी. माझ्या कागदावर एकच पात्र होतं. दुसरं म्हणायचं तर मोबाइल.

हा कागद वाचताना मला मसूर स्टेशन आठवलं. बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' तुमच्यातल्या बहुतेकांनी वाचलं असेल. १९०१ साल. वडील नोकरीनिमित्त गोरेगावला, म्हणून लहानगे भीमराव आणि घरातली मुलं साताऱ्याहून रेल्वेने निघाली आणि मसूरला उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं. आता डिझाइनच्या भाषेत लिहून बघा. वापरकर्ता: चांगल्या कपड्यांतली मुलं. हेतू: गोरेगावला पोचणं. साधन: स्टेशनबाहेर उभ्या बैलगाड्या. पैसे: आहेत. अडचण: काहीच नाही. कागदावर ही गोष्ट पाच मिनिटांत संपते. प्रत्यक्षात मुलांनी आपण महार आहोत हे सांगितलं आणि स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडं देऊ केलं तरी एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक जण तयार झाला तो या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. गाडी होती, पैसे होते, गरज होती. जे घडलं ते गाडीवानाच्या मनात होतं, आणि गाडीवानाला पात्र मानल्याशिवाय ते लिहिताच येत नाही.

कुणी म्हणेल, ही सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तर मग २०२४ ची घ्या. १९ मार्चला झोमॅटोने 'प्युअर व्हेज' ग्राहकांसाठी हिरव्या कपड्यांतल्या रायडरांची वेगळी फौज जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी हिरवा रंग मागे घेतला. कंपनीनेच दिलेलं कारण वाचण्यासारखं होतं: लाल कपड्यांतला रायडर म्हणजे मांसाहार असं समजून एखादी सोसायटी त्याला अडवेल, आणि भाड्याने राहणाऱ्या ग्राहकाला घरमालकाचा त्रास होईल. भाड्याची खोली शोधताना आडनाव आणि 'खाना क्या खाते हो' हे दोन प्रश्न ज्याने एकदा तरी ऐकलेत, त्याला हे जाहिरात बघताच कळलं होतं. कंपनीला कळायला लोकांचा एक दिवसाचा संताप लागला. जाहीर केलेल्या गोष्टीत शुद्ध शाकाहारी ग्राहक होता, त्याचा डबा होता. गेटवरचा माणूस नव्हता, घरमालक नव्हता, आणि रायडर होता तो फक्त कपड्यांच्या रंगापुरता. पुढच्या वर्षी, मार्च २०२५ मध्ये, अर्बन कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाची बाई पोचवणारी सेवा आणली. नाव ठेवलं 'इन्स्टा मेड्स'. टीका झाल्यावर ते 'इन्स्टा हेल्प' झालं. त्याही गोष्टीतली वापरकर्ती म्हणजे जिच्या सिंकमध्ये भांडी पडलीत ती. जी भांडी घासायला येते तिची गोष्ट वेगळी लिहायला हवी असं सुचलं असतं, तर ते पहिलं नावच आलं नसतं.

दुसऱ्या बाजूने लिहिलेली गोष्ट कशी असते, त्याचं उदाहरण आमच्या रायपुरातच आहे. छत्तीसगडची रेशन व्यवस्था देशात नावाजली गेली ती एका दिवसात नाही. २००४ साली सरकारने रेशन दुकानं खाजगी दुकानदारांकडून काढून पंचायती, बचत गट, सहकारी संस्थांकडे देण्याचा आदेश काढला. मग २०१२ साली रायपूर शहरात कोअर पीडीएस आली. तिचं लोकांत रुळलेलं नाव जास्त बोलकं आहे: 'मेरी मर्ज़ी'. कार्डधारकाने शहरातल्या कुठल्याही रेशन दुकानातून धान्य घ्यावं. याआधी कार्ड एका दुकानाला बांधलेलं होतं. दुकानदाराने माप मारलं, हिडीसफिडीस केलं, 'कल आना' म्हटलं तरी पुढच्या महिन्यात त्याच्याच दारात उभं राहायचं. आता उठून दुसऱ्या दुकानात जाता येऊ लागलं, आणि गिऱ्हाईक गेलं की कमिशनही त्याच्यामागे गेलं. मशीन वगैरे आहेच, पण मला यातला विचार मोठा वाटतो. ही सोय सुचायला दुकानदाराला पात्र म्हणून बघावं लागतं. बाई एकटी नाही, तिच्यासमोर काउंटरपलीकडे एक माणूस आहे, आणि त्याच्या हातात तिचं पोट आहे, हे मान्य करावं लागतं.

मर्यादाही लगेच सांगते. ज्या गावात एकच दुकान आहे तिथे मर्जी कसली? आणि लांबच्या दुकानापर्यंत पस्तीस किलोचं पोतं आणायला रिक्षाचे पैसे कोण देणार? (शहरात २०१२ सालीच ही सोय करणारं हे राज्य देशभरच्या 'वन नेशन, वन रेशन कार्ड'मध्ये फेब्रुवारी २०२२ ला आलं, जवळजवळ सगळ्यात शेवटी. हे एक कोडंच आहे.)

आता सुनीताकडे येते. मी तीन दिवस एका च्वाइस सेंटरवर बसले. पहिली गोष्ट दिसली ती ही की सुनीता ॲप उघडतच नाही. फॉर्म ऑपरेटर भरतो. त्यामुळे रेंज आली-गेली हा तिचा प्रश्नच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगी आली, विशीतली, फाइल छातीशी धरलेली. दुकानात सहा-सात जण. ऑपरेटरने नाव विचारलं, तिने पहिलं नाव सांगितलं. "पूरा नाम?" तिने हळूच आडनाव सांगितलं. त्याच्यासमोर स्क्रीनवर जातींची यादी उघडली होती. यादी लांब असते. त्याने मान वर न करता, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, "कौन जात?" मुलीने मागे बघितलं. बाकावर दोन म्हातारे होते, एक तिच्याच गावचा असावा. "बाद में आती हूँ," म्हणाली आणि फाइल घेऊन निघून गेली.

ॲपच्या हिशेबात हा 'अर्धवट सोडलेला फॉर्म'. ज्या ड्रॉपडाउनला डिझाइनर मूक समजतो, तो इथे दुसऱ्याच्या तोंडाने मोठ्याने बोलतो.

आणि ती थांबली असती तरी पुढे काय होतं? छत्तीसगडमध्ये दाखल्यासाठी अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून घराणं इथलं असल्याचं दाखवावं लागतं. लोक त्यासाठी 'मिसल' शोधत फिरतात, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जमीन बंदोबस्ताची नोंद. ज्याच्या पणजोबाच्या नावे जमीन होती त्याचं नाव आणि जात त्यात सापडते. ज्यांना पिढ्यान् पिढ्या जमीन मिळू दिली नाही, त्यांनीच आपली जात जमिनीच्या कागदाने सिद्ध करायची. कागद नसेल तर ग्रामसभेच्या ठरावाची वाट नियमांत आहे. म्हणजे दुकानात सहा जणांसमोर जे सांगता आलं नाही ते गावासमोर. कागद सापडलाच तर स्पेलिंग. छत्तीसगडच्या यादीत मेहरा, महार, मेहर होते. कुणा तलाठ्याने 'महारा' किंवा 'महरा' लिहून ठेवलं असेल तर तुम्ही यादीबाहेर. ही दोन नावं यादीत घालायला २०२३ साली संसदेला कायदा करावा लागला. त्याच वर्षी पण्डो आदिवासींच्या नावाची देवनागरीतली वेगवेगळी रूपंही अशीच दुरुस्तीने आली. काना-मात्रेसाठी दिल्लीपर्यंत.

आमच्या घरची गोष्ट यात आणखी एक पायरी वर. आजोबा १९५२ साली भंडारा जिल्ह्यातून रायपूरला रेल्वेच्या गँगमध्ये आले. तेव्हा भंडारा आणि रायपूर एकाच राज्यात होते, मध्य प्रदेशात, आणि त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ ला भंडारा मुंबई राज्यात गेलं, २००० साली रायपूर छत्तीसगडमध्ये आलं. आजोबा एका राज्यातल्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात आले होते. हद्द नंतर हलली. 'आप मूलतः किस राज्य के हैं' या रकान्यासमोर माझे बाबा आयुष्यात तीनदा थांबलेत.

मी च्वाइस सेंटरची गोष्ट जशी घडली तशी लिहून दिली. ऑपरेटर, बाकावरचे म्हातारे, सगळं. उपायही लिहिला, काही मोठा नाही: जातीच्या यादीच्या पानावर ऑपरेटरने स्क्रीन अर्जदाराकडे वळवावी, निवड तिने स्वतः करावी, किंवा आधी घरूनच चिठ्ठीवर लिहून आणलेला क्रमांक टाकता यावा. प्रमुख बाईंनी वाचलं. म्हणाल्या, "पॉवरफुल आहे, पण ही एज केस आहे." एज केस म्हणजे कडेला पडलेलं, क्वचित घडणारं. जातीचा दाखला काढायला आलेल्यांमध्ये जात सांगायला कचरणं क्वचित घडतं!

पुढच्या बैठकीत मात्र सुधारणा झालेली दिसली. सुनीताच्या तक्त्यात एक नवी ओळ आली होती. 'जात: एससी'. ऑपरेटर अजूनही नव्हता.

या एका ओळीवर मी बरेच दिवस विचार केला. त्या टीममध्ये आपल्यातला एक मुलगा होता, कोडिंग करणारा. चहाला गेलो तेव्हा म्हणाला, "दीदी, जात लिहायला लावू नका. आज तक्त्यात लिहितील, उद्या फिल्टर लावतील." त्याचं खरं होतं. माझंही चुकलं नव्हतं. जात सुनीताच्या वयासारखी, उंचीसारखी तिच्या अंगावरची खूण म्हणून लिहिली तर ती पुन्हा तिच्याच माथी बसते. अडचण तिच्यात नव्हती. अडचण दुकानात मोठ्याने विचारणाऱ्या आवाजात होती, ऐकायला टवकारलेल्या कानांत होती, यादी बनवताना तिचा विचार न केलेल्या माणसात होती. म्हणून आता मी सिनॅरिओ लिहिते तेव्हा समोरच्याचं आडनाव आधी लिहिते. ऑपरेटरचं, घरमालकाचं, गाइडचं, गेटवरच्या सेक्रेटरीचं. त्यांची जात काय करते ते क्रियापदांत लिहिते: विचारतो, थांबवतो, पाणी वरून ओततो, 'कळवतो' म्हणतो. असं लिहिलं की वाचणारा अस्वस्थ होतो, कारण बहुतेक वेळा तो स्वतः त्या खुर्चीत बसलेला असतो.

तुमच्यातले काही जण आता या कामात येताय. यूएक्स रिसर्च, फील्ड स्टाफ, एनजीओतलं 'युजर स्टडी'. तुम्हाला घेतलंच जातं ते 'तिथली माणसं तुम्हाला माहीत आहेत' म्हणून. तुमच्याकडून सुनीताची माहिती मागतील, तिचं घर, तिचा मोबाइल, तिची भीती. ती द्या किंवा नका देऊ, तुमचा हिशेब तुम्ही करा. पण काउंटरपलीकडच्या माणसाबद्दल त्यांनी विचारलं नाही तरी लिहा. त्याच्याबद्दल आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढं त्यांच्या कुठल्याच सर्व्हेत नाही. आपण त्याला पिढ्यान् पिढ्या निरखत आलोय, त्याचा मूड बघून घरी परतत आलोय.

माझं कंत्राट तीन महिन्यांनी संपलं. जाताना ती गोष्ट मी स्वतःजवळ ठेवली आणि घरी बाबांना वाचून दाखवली. ते ऐकत राहिले. मिसलपर्यंत आले, तारखा आल्या, तेव्हा काही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "ती मुलगी परत आली का गं?"

मी म्हटलं, "बाबा, मी तिथे फक्त तीन दिवस होते."

"कुठल्या सेंटरवर?" त्यांनी विचारलं, आणि चष्मा काढून पत्ता लिहून घ्यायला कागद शोधू लागले.