पाठ कोण घेतं?

परवा आत्याकडे गेले होते. थोरली आत्या, वय वर्षे ८१, जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. (घरचे वाचणारे ओळखतातच. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते की तिच्यासमोर आम्ही अजूनही खुर्चीत पाय वर घेऊन बसत नाही.) चहा होईस्तोवर माझा फोन सात-आठ वेळा वाजला. दर वेळी मी बघत होते आणि उलटा करून ठेवत होते. शेवटी तिनं विचारलंच, "एवढं कोण बोलतंय?"

"आमचे शिक्षकांचे ग्रूप गं, व्हॉट्सॲपवरचे. एकमेकांकडून शिकतो आम्ही."

"बरं. मग पाठ कोण घेतं?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिनं सांगितलं. तिच्या वेळी महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमायचे. कोणीतरी एकजण त्या शाळेतल्या मुलांना समोर बसवून पाठ घ्यायचा आणि बाकीचे मागे वह्या उघडून बसायचे. मुलं घरी गेली की चर्चा. नाव 'आदर्श पाठ', पण बऱ्याचदा तो आदर्श वगैरे होत नसे. आत्याचाच एक पाठ पार फसला होता, अपूर्णांकांचा. अर्ध्यापेक्षा पाव मोठा असं सगळा वर्ग एकमुखानं म्हणाला (चार दोनापेक्षा मोठे, म्हणून!) आणि मागे वीस शिक्षक बसलेले. "त्या दिवशी पोहेसुद्धा गिळवेनात," ती म्हणाली. "पण अपूर्णांक शिकवायला मी त्या दिवसापासून शिकले."

तर पाठ कोण घेतं? बसमध्ये परत येताना फोन उघडून मोजलं. माझे एकूण ११ ग्रूप. केंद्राचा, तालुक्याचा, इयत्तेचे दोन, गणिताचा, संघटनेचा, डी.एड.च्या बॅचचा आणि असेच बाकीचे. त्या एका दिवसात आलेला माल म्हणजे दोन ऑनलाइन माहिती 'आज सायंकाळपर्यंत' भरण्याच्या सूचना, एका शाळेतल्या वृक्षारोपणाचे १४ फोटो, तीन पीडीएफ, निवृत्त होणाऱ्या सरांना शुभेच्छा आणि त्या शुभेच्छांना शुभेच्छा. एकाही वर्गातलं एकही मूल काय म्हणालं, ते कुठेच नाही.

आता 'शिक्षकांचं ऑनलाइन नेटवर्क' हा शब्द गेली काही वर्षं प्रशिक्षणांत फार ऐकू येतो. मी त्याच्या विरोधात नाही, उलट फायदा झालेल्यांपैकी आहे. दोन शिक्षकी शाळा, पटावर १९ मुलं, चार इयत्ता. दुसरे सर तालुक्याला कामाला गेले की दिवसभर मोठ्या माणसाशी बोलणं म्हणजे पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींशी. अशा ठिकाणी फोनमधली माणसं हाच स्टाफरूम. तक्रार एवढीच की या स्टाफरूममध्ये सगळे पाहुण्यांसारखे वागतात.

माझी गोष्ट सांगते, २०१८ सालची. तिसरीतला एक मुलगा, हुशार. ५२ मधून २७ वजा केले की उत्तर ३५. ८१ मधून ४६ गेले की ४५. दर वेळी तसंच. मी काड्यांचे गठ्ठे काढले, दशक सुटा करून दाखवला, माझ्यासमोर तो बरोबर करायचा आणि दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा ३५. पंधरा दिवस हेच. शेवटी वहीच्या पानाचा फोटो काढला (नाव झाकून) आणि गणिताच्या ग्रूपवर टाकला. खाली लिहिलं, 'असं होतंय, काय करू?'

तेव्हा एका ग्रूपमध्ये २५६ माणसं मावायची. (२०२२ पासून १०२४ मावतात, म्हणजे न वाचणारेही चौपट.) आमचा भरलेला होता. उत्तरं अशी आली : नऊ अंगठे, एक 'छान उपक्रम मॅडम', वजाबाकीच्या शंभर उदाहरणांची पीडीएफ आणि 'सराव वाढवा'. माझ्या फोटोखाली वीस मिनिटांत दुसऱ्या शाळेच्या बालआनंद मेळाव्याचे फोटो आले आणि माझी वजाबाकी वर सरकून दिसेनाशी झाली.

रात्री साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला. बीडकडच्या एक मॅडम. उपाय वगैरे काही नाही, थेट प्रश्न, "तो असं का करतो, हे तुम्ही त्याला विचारलंत का?"

मी चक्क गप्प. पंधरा दिवसांत ते सोडून सगळं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं. तो म्हणाला, "बाई, दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून सातातून दोन घालवले. मोठ्यातून लहान घालवायचे, तुम्हीच सांगितलं होतं."

खरंच मीच सांगितलं होतं. पहिलीत असताना, एकअंकी वजाबाकीच्या वेळी, अगदी फळ्यावर लिहून. 'लहान संख्येतून मोठी वजा होत नाही, नेहमी मोठीतून लहान.' तो बिचारा दोन वर्षं माझा नियम इमानेइतबारे पाळत होता आणि मी त्याला सराव देत होते! ते वाक्य मी त्याआधी किती वर्गांना सांगितलं असेल, हा हिशेब त्या रात्री करत बसले होते. तो काही सुखाचा हिशेब नव्हता.

त्या दिवसापासून मी नियम सांगायच्या आधी दोनदा विचार करते. शंभर पीडीएफनी जे झालं नसतं ते एका प्रश्नानं झालं. पण हेही तितकंच खरं की तो प्रश्न विचारणारी बाई मला त्या २५६ च्या गर्दीतच भेटली. मोठ्या ग्रूपचा एवढा उपयोग मी मान्य करते, जत्रेचा असतो तसा. जत्रेत ओळख होते. संसार काही कोणी तिथे मांडत नाही.

आम्ही मांडला निराळा. त्या मॅडम (आता ताई), मी आणि अशाच गर्दीत प्रश्न विचारताना सापडलेले आणखी तिघं. पुढे सातजण झालो, अजून सातच आहोत. नियम बसून केले नाहीत, चुका होत होत पडत गेले. तयार साहित्य टाकायचं नाही. मुलांच्या कामाचा फोटो टाकायचा, मुलाचा नाही, नाव झाकूनच. आणि सल्ला घेतला तर पुढे वर्गात काय झालं ते येऊन सांगायचं, फसलं असलं तर आधी. हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड जातो. मलाही.

आणखी एक गोष्ट आम्ही कधी बोललो नाही पण सगळ्यांना ठाऊक आहे, की त्या ग्रूपमध्ये साहेब कोणी नाही. केंद्राच्या ग्रूपवर केंद्रप्रमुख असतात, तालुक्याच्या ग्रूपवर त्यांच्या वरचे. ती माणसं वाईट असतात असं मुळीच नाही, आमचे तर चांगले आहेत. पण ज्या ठिकाणी सकाळी 'या शाळांची माहिती अप्राप्त' अशी यादी पडते, त्याच ठिकाणी दुपारी 'माझ्या वर्गातल्या चौघांना अजून वाचता येत नाही, मदत करा' असं कोण लिहील? ते लिहिणं म्हणजे स्वतःच स्वतःचा खुलासा देणं. मग लोक रांगोळीचे फोटो टाकतात. मीही टाकलेत.

'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय २२ जून २०१५ चा. त्या सुमारास साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येत होत्या. तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादावर खरोखर कष्ट घेतले होते. पण फोनमधून सगळीकडे पोचलं काय, तर फरशीवरच्या रंगीत आकृत्या! आमच्या शाळेचीही फरशी रंगली. शिक्षक मुलांना काय विचारत होते आणि उत्तराची किती वेळ वाट बघत होते, ते फोटोत येत नाही. फोटोतून जे दिसतं तेच पसरतं.

आणि कधीकधी पसरायला नको तेही. 'विनोदी उत्तरपत्रिका' नावाचा प्रकार तुम्हीही पाहिला असेल. मुलानं काहीतरी भलतंच लिहिलेलं पान, खाली हसून लोळणारे चेहरे. एक मीही पुढे ढकललं होतं, कबूल करते. बीडच्या ताईंनी एवढंच लिहिलं, "हे पान आपल्या वर्गातलं असतं तर?" आम्ही आमच्या फसलेल्या पाठाचा एक फोटो टाकत नाही, आणि पोरांच्या फसलेल्या उत्तरांवर गावभर हसतो.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्यावाचनाची नवी पद्धत आली ते आठवतंय ना? 'बासष्ट'ऐवजी 'साठ दोन'. आमच्या ११ ग्रूपवर आठ दिवस नुसते विनोद. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष होत्या. त्या समजावून सांगत होत्या की जोडाक्षरांची ही नावं आणि त्यांचा उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. मला स्वतःला 'साठ दोन' कानाला गोड लागत नव्हतं, आजही लागत नाही. पण राज्यातल्या एवढ्या शिक्षकांच्या हातात वर्ग होते, फोन होते, आणि मुलं नेमकी कुठे अडखळतात ते कोणी बघून सांगेना!

आमच्या छोट्या ग्रूपवर तेव्हा पाचजण होतो. प्रत्येकानं आपापल्या वर्गात दहा संख्या तोंडी सांगितल्या आणि मुलांच्या वह्यांची पानं टाकली. 'बावन्न' म्हटल्यावर २५ लिहिणारे सगळीकडे निघाले, कारण कानावर 'बा' आधी पडतो. 'एकोणसत्तर'ला तर कहर, ७९! सत्तर ऐकलं, नऊ आठवले, लिहिले. मेळघाटातले सर म्हणाले, माझी मुलं घरी कोरकू बोलतात, त्यांना बावन्न काय आणि पन्नास दोन काय, दोन्ही शाळेतलीच भाषा. पाच वर्गांवरून राज्याचं काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण मला माझ्या वर्गाचं कळलं. नावं जुनीच ठेवली आणि बावन्न म्हटलं की आधी पाच गठ्ठे उचलायचे, मग दोन काड्या, असं महिनाभर केलं.

मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या तेव्हा मोठे ग्रूपही कामाला आले, नाकारत नाही. कोणी मंदिराच्या भोंग्यावरून गोष्टी सांगतंय, कोणी ओट्यावर चार-चार मुलं बसवतंय, हे तिथूनच कळलं. गंमत म्हणजे त्या काळात लोक 'जमत नाही' असं मोकळेपणानं लिहायला लागले होते. कोणालाच जमत नव्हतं, त्यामुळे लाज वाटेनाशी झाली असावी. शाळा उघडल्या आणि रांगोळ्या परत आल्या.

हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं, सातजणांचं, वह्यांच्या पानांचं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पान दाखवता ते ठीक. पण तू शिकवताना ते बघतात का?"

नाही बघत. सात वर्षं होत आली, आमच्यापैकी कोणी स्वतःचा पाठ चालू असताना फोन टेबलावर उभा करून ठेवलेला नाही. मुलं दिसतील ही अडचण आहेच, पण फोन मुलांच्या पाठीमागून, फळ्याकडे तोंड करून ठेवता येतो. खरी अडचण मला माहीत आहे.

काल रात्री ग्रूपवर विचारलं, पुढच्या आठवड्यात माझा अपूर्णांकांचा तास आहे, बघाल का? पाचजण हो म्हणाले. बीडच्या ताईंनी विचारलंय, तास संपल्यावर पोहे कोण करणार. सध्या फोन उभा राहावा म्हणून खडूच्या खोक्याला खाच पाडते आहे. अजून दोनदा पडला.