पूर्वपीठिकेतला कवी

वामनदादा कर्डकांवर (१९२२–२००४) लिहिले गेले नाही, अशी माझी तक्रार नाही. लिहिले पुष्कळ गेले. सिन्नर तालुक्यातील देशवंडी, मुंबईतील कष्टाची वर्षे, उशिरा झालेली अक्षरओळख, गावोगावची भ्रमंती आणि शेवटी 'चळवळीतील योगदान', या ठरलेल्या मुक्कामांवरून लेख पुढे सरकतो आणि संपतो. गाणे कोठेच लागत नाही. कवीचे चरित्र सांगून कवितेची जबाबदारी टाळण्याची ही सोय आहे.

तिचे मूळ आपल्या वाङ्मयेतिहासात आहे. दलित कवितेचा आरंभ आपण छापील संहितेपासून मोजतो. १९७२ चा 'गोलपिठा' हा मैलाचा दगड. जलसा आणि भीमगीते यांची रवानगी 'पूर्वपीठिका' नावाच्या पहिल्या प्रकरणात होते. परंतु १९४३ पासून गीते रचणारे वामनदादा 'गोलपिठा'नंतरही तीन दशके हयात होते. समकालीन कवीला पूर्वपीठिका ठरवणारी ही कालगणना कोणत्या पंचांगातली? खरे तर येथे काळाचा प्रश्नच नाही. छापलेले ते साहित्य आणि गायिलेले ते साहित्याचे साधन, ही प्रस्थापित समीक्षेची उतरंड आपणही निमूटपणे स्वीकारली आहे. आपल्या दहा सभांची बरोबरी एक जलसा करतो, हा बाबासाहेबांच्या नावे सांगितला जाणारा अभिप्रायही आपण प्रमाणपत्रासारखा उद्धृत करतो आणि जलशाला सभेच्या हिशेबात जमा करून मोकळे होतो.

'प्रचार' या आक्षेपाला उत्तर देण्यात मला रस नाही. तो घेणाऱ्यांनी पोवाडा कशाला म्हणतात ते आधी ठरवावे. चाली उसन्या असल्याचा आक्षेप मात्र तपासण्याजोगा आहे. सिनेगीताची किंवा कव्वालीची ओळखीची चाल घेतली की श्रोत्याला सूर शिकवावा लागत नाही. त्याचे सारे लक्ष नव्या शब्दांवर जाते, आणि ध्रुपद दुसऱ्याच फेरीला वस्तीच्या तोंडी बसते. जुनी चाल आणि नवा आशय यांच्यातील ताणातून अर्थ निर्माण होतो. गण-गवळणीचा साचा ठेवून त्यातला देव बाजूला सारणाऱ्या सत्यशोधकी जलशांनीही हेच केले होते. छापील संग्रहात चाल उरत नाही, आणि मग आपण म्हणतो, रचना सपाट आहे!

याहून गंभीर गोष्ट नाममुद्रेची. शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' हे नाव गुंफण्याची त्यांची रीत संतकवींची आणि शाहिरांची आहे. मौखिक प्रसारात कर्तृत्वाची ही एकमेव नोंद. गायकाने शेवटचा अंतरा गाळला की गाणे निनावी होते. अनेक कंठांतून फिरणाऱ्या अशा गाण्यांची पाठचिकित्सा ही समीक्षेची प्राथमिक जबाबदारी होती. 'तुका म्हणे' असलेला अभंग प्रक्षिप्त की अस्सल, यावर आपल्या विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले. वामनदादांच्या एखाद्या गीताचे संग्रहातील, ध्वनिफितीवरील आणि वस्तीत गायिले जाणारे रूप शेजारी-शेजारी ठेवून कोणता अंतरा कोठे गळाला, एवढे पाहण्याचा आग्रह आपल्या मराठी विभागांनी कधी धरला आहे काय? प्रबंधांचे विषय मात्र अजूनही 'जीवन आणि कार्य' असेच मंजूर होतात, आणि ती गीते ऐन तारुण्यात पाठ केलेली माणसे एकेक करून जात आहेत.