आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : बंद पडणारा लॅपटॉप आणि आपण



मी पनवेलच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. आज मात्र शाळेतलं नाही, घरातलं सांगणार आहे. त्यात चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या घरी एक गेमिंग लॅपटॉप आहे. पुतण्याने २०१९ मध्ये घेतला, तीन वर्षं वापरला आणि मग आम्हाला दिला. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आराखडे काढायचं त्याचं सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर अडखळतं, म्हणून हाच कामाला येतो. यंदा जूनमध्ये, प्रोजेक्ट जमा करायला आठ दिवस उरले असताना, लॅपटॉप मध्येच बंद पडू लागला. सूचना नाही, आवाज नाही, थेट काळा पडदा.

माझं निदान एका वाक्यात तयार होतं : "रात्रंदिवस गेम खेळतोस, दुसरं काय होणार?" तो म्हणाला, "पप्पा, गेम नव्हता, प्रोजेक्टच चालू होता." मी ऐकलं नाही. एका दुकानात नेला. त्यांनी दहा मिनिटं बघून सांगितलं, मदरबोर्ड जातोय, १८ हजार लागतील, त्यापेक्षा नवीन घ्या. मी हप्त्यांचा हिशेब मांडायला बसलो आणि मुलगा माझ्याशी बोलेनासा झाला.

त्याच आठवड्यात नववीला धाराविद्युत शिकवत होतो. एका गटाचा दिवा लागेना. तास संपत आलेला, म्हणून मी परिपथ हातात घेतला, दोन तारा हलवल्या, दिवा लागला. एका मुलीने विचारलं, "सर, काय बिघडलं होतं?" मी म्हटलं, "असू दे, आता लागला ना!" घरी आल्यावर हे उत्तर मला टोचत राहिलं. बिघाड शोधणं हेच तर विज्ञान. ते मी वर्गातही टाळलं होतं आणि घरातही.

त्या रात्री मुलाला म्हटलं, "एक वही आण. काय केलंस ते विचारत नाही. कधी बंद पडतो तेवढं सांग." पुढचे तीन दिवस आम्ही लॅपटॉपला स्क्रू-ड्रायव्हर न लावता फक्त नोंदी केल्या. त्या क्रमानेच सांगतो, कारण जुना लॅपटॉप पुष्कळांच्या घरी असतो.

१. आधी भिंत बघा. पनवेलचा पाऊस सुरू झाला की दिवे मिचकावतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बॅटरी चांगली असेल तर अर्ध्या सेकंदाची वीज गेल्याचं लॅपटॉपला कळतही नाही. बॅटरी थकली असेल तर त्या अर्ध्या सेकंदात तो बंद पडतो आणि दोष लॅपटॉपचा वाटतो. म्हणून वहीत एक रकाना केला : बंद पडला तेव्हा पंखा मंदावला का? दिवा मिचकावला का? एक्स्टेन्शन बोर्ड काढून पिन थेट भिंतीतल्या सॉकेटला लावली, मग दुसऱ्या खोलीत लावून पाहिली. सातपैकी एकदाच दिवा मिचकावला होता. म्हणजे फक्त विजेवर खापर फोडता येत नव्हतं.

२. मग उष्णता. गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसरबरोबर वेगळी ग्राफिक्स चिप असते, दोन्ही भरपूर तापतात. पंख्यात धूळ साठली की ठराविक तापमानानंतर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं. पण उष्णता हळूहळू चढते. आधी पंखे जोरात फिरतात, काम संथ होतं, मग दहा-वीस मिनिटांनी पडदा जातो. आमचा लॅपटॉप थंड असतानाही, जड काम सुरू केल्यावर मिनिटभरात पडायचा. हा काळ मोजल्यामुळे अर्धा प्रश्न सुटला. हळूहळू मरतो तो तापतो, पटकन मरतो त्याला वीज पुरत नाही. अगदी पक्का नियम नव्हे, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून कळतं.

३. बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण नोबेलवाली बॅटरीही म्हातारी होतेच. काहीशे वेळा भरली-रिकामी झाली की तिची क्षमता घटते आणि आतला रोध वाढतो. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. त्यात मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. आमची मूळ ६० वॉट-तास, आज २५. म्हणजे निम्म्याहूनही कमी. तरी पडद्यावर १०० टक्के दिसायचं, कारण ते शंभर टक्के उरलेल्या क्षमतेचे असतात, मूळ क्षमतेचे नव्हेत. टक्केवारीचं गणित शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सुचणार नाही.

४. अ‍ॅडॅप्टर. मुलगा खाली वाकून अ‍ॅडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचू लागला : १९.५ व्होल्ट, ६.१५ अँपिअर. मी गुणाकार केला, १२० वॉट. मग लॅपटॉप उलटा करून त्याच्या तळावरचं लेबल वाचलं : १९.५ व्होल्ट, ९.२३ अँपिअर. म्हणजे १८० वॉट.

आता माझी चूक. मागच्या वर्षी मूळ अ‍ॅडॅप्टरची वायर तुटली होती. नवीन मीच आणला. दुकानदाराने विचारलं होतं, किती वॉटचा? मी म्हटलं, पिन बसते ना, मग द्या स्वस्तातला. त्यानंतर लॅपटॉप सुरू करताना दरवेळी एक सूचना यायची, अ‍ॅडॅप्टर कमी शक्तीचा आहे म्हणून. मुलाने मला ती दाखवलीही होती. मी म्हटलं होतं, "एंटर दाब आणि पुढे जा."

व्होल्ट बरोबर होते, म्हणून लिहिण्या-वाचण्याच्या हलक्या कामात काहीच जाणवत नव्हतं. जड काम सुरू झालं की लॅपटॉपला जास्त वीज लागायची. अ‍ॅडॅप्टर पुरा पडायचा नाही, तेव्हा उरलेली वीज बॅटरी द्यायची. वर्षभर बॅटरीने माझी कंजुषी झाकली. ती थकली आणि मी मुलाला धरलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, ते हेच!

दुकानात तो बंद का पडला नसावा, हेही मग लक्षात आलं. तिथे त्यांनी आपला मोठा अ‍ॅडॅप्टर लावला होता आणि जड काम चालवलंच नव्हतं. दोष सापडत नाही, गिऱ्हाईक तर म्हणतंय बंद पडतो, मग उरला मदरबोर्ड. मी त्या माणसाला दोष देत नाही. मी त्याला काहीच माहिती दिली नव्हती. डॉक्टरकडे गेलो की आपण ताप कधीपासून, जेवणाआधी की नंतर, सगळं सांगतो. यंत्र नेताना मात्र "बघा हो जरा" एवढंच म्हणतो.

खात्रीसाठी पुतण्याच्या मित्राकडून १८० वॉटचा, त्याच पिनचा आणि तेवढ्याच व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर एका संध्याकाळपुरता आणला. बाकी काहीही बदललं नाही. तेच सॉफ्टवेअर, तोच आराखडा, दोन तास. एकदाही बंद पडला नाही. मग अ‍ॅडॅप्टरची पिन काढून पाहिली, तर चार मिनिटांत काळोख. म्हणजे दोष दोन होते आणि एक दुसऱ्याला झाकत होता. दुसऱ्या दिवशी हार्बर लाइन पकडून आम्ही दोघे मुंबईला गेलो आणि लॅमिंग्टन रोडवरून अ‍ॅडॅप्टर व बॅटरी आणली. खर्च साडेसात हजार. प्रोजेक्ट वेळेत जमा झाला.

आता माझं मत सांगतो. आपण मुलांना चालणारा परिपथ काढायला शिकवतो, न चालणारा शोधायला शिकवत नाही. परीक्षेत आकृती येते, बिघाड येत नाही. त्यामुळे बिघाड दिसला की मोठी माणसंसुद्धा दोनच गोष्टी करतात : कुणाला तरी दोषी ठरवतात, नाहीतर नवीन विकत घेतात.

काही जण म्हणतील, "सर, अभ्यासक्रम संपवायलाच वेळ नाही, हे कधी करायचं?" माझं म्हणणं, एक तास पुरे. प्रत्येक गटाला एक बिघडवलेली टॉर्च द्या. एकीत सेल संपलेला, दुसरीत स्प्रिंग गंजलेली, तिसरीत दोन्ही. नियम तीन : हात लावण्याआधी लक्षणं लिहा, एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलण्याआधी काय होईल ते लिहून ठेवा. तिसऱ्या टॉर्चच्या गटाची काय गंमत होते ते बघा. नवा सेल घालूनही उजेड पडत नाही, तेव्हा "सेल चांगलाच होता" असं म्हणून मुलं मोकळी होतात. दोन दोष एकत्र असू शकतात, हे तिथेच शिकवता येतं. मी हा तास जुलैमध्ये घेतला. ज्या मुलीचा प्रश्न मी टाळला होता, तिच्याच गटाला तिसरी टॉर्च दिली. चाळीस मिनिटं लागली, पण मी मध्ये हात घातला नाही.

पालकांना सुरक्षिततेचं एक कळकळीचं सांगणं. मुलांना अ‍ॅडॅप्टर कधीही उघडू देऊ नका. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते. लॅपटॉपचा तळ फुगलेला दिसला किंवा टचपॅड वर आलं, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, टोचू-दाबू नका, जाणकाराकडे द्या. जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या. आणि नोंदी करून उत्तर मिळालं नाही, तर जरूर दुकानात जा, पण वही घेऊन जा.

मुलाची माफी मागितली का? मागितली. तो हसून म्हणाला, "पप्पा, तुमच्या दहावीच्या मुलांना पण आधी 'कधी' विचारत जा." मी हसलो, पण त्याचं खरं होतं. तिमाहीच्या निकालानंतर पालकसभेत "अभ्यासच करत नाही" हे वाक्य मी आजवर किती वेळा उच्चारलं असेल! कधीपासून गुण घसरले, कोणत्या विषयात, घरी काय बदललं, हे रकाने मी किती जणांसाठी भरले?

यंदाच्या पालकसभेला मी एक वही घेऊन जाणार आहे. तुम्हीही न्या.