ताईचे डॉलर

रविवारी सकाळी साडेनऊला ताईचा फोन आला, की समजायचं काहीतरी लोच्या झालाय. एरवी ती त्या वेळी घोरत असते.

"अगं, मेल आलाय. कॅलिफोर्नियात माझे पैसे पडलेत म्हणे. सोडवून देतो म्हणतायत. दहा टक्के त्यांचे."

"डिलीट कर," मी तोंडात ब्रश तसाच ठेवून म्हटलं.

"तेच करणार होते. पण त्यात माझा तिथला पत्ता आहे गं. अपार्टमेंटच्या नंबरासकट."

ब्रश बाहेर आला. लॉटरीवाल्या भामट्यांना कुणाच्या जुन्या अपार्टमेंटचा नंबर कुठून माहीत असणार?

ताई २०१४ ते २०१७ सिलिकॉन व्हॅलीत होती, नवऱ्याबरोबर. परत आली ती एकटी, दोन बॅगा घेऊन. राजीनामा ते विमान, सगळं मिळून तीन आठवडे. तेव्हापासून आई आमच्या घरात 'अमेरिका' हा शब्द जरा हळू आवाजात उच्चारते. आणि त्या तीन वर्षांबद्दलची काही वाक्यं घरात पक्की झाली आहेत. त्यातलं एक म्हणजे, "जाता जाता त्याने जॉइंट खातंही धुऊन नेलं." हे मी किमान पन्नास वेळा ऐकलंय. दहा-बारा वेळा मीच म्हटलंय.

तर त्या मेलचा फंडा असा. तो भामटा नव्हता, दलाल होता. अमेरिकेत तुमचे पैसे एखाद्या बँकेत, कंपनीत किंवा विमा कंपनीत पडून राहिले आणि ठरावीक काळ तुमचा पत्ताच लागला नाही, तर ते त्या कंपनीला गिळता येत नाहीत. राज्य सरकारकडे जमा करावे लागतात. राज्य ते तुमच्या नावावर सांभाळतं आणि नावांची यादी सगळ्यांना बघायला खुली ठेवते. हे दलाल तीच यादी चाळतात आणि आपल्याला गाठतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्यांना १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आणि राज्य स्वतः किती घेतं? शून्य. म्हणजे जे काम फुकटात होतं, त्याचे दहा टक्के!

कुठल्या राज्याकडे शोधायचं, याचं उत्तर १९६५ सालच्या एका खटल्यात आहे. सन ऑइल या तेल कंपनीकडे सुमारे १,७३० छोट्या येणेकऱ्यांचे २६ हजार डॉलर पडून होते आणि त्यावरून टेक्सास आणि न्यूजर्सी थेट सुप्रीम कोर्टात भांडले. कोर्टाने सांगितलं, कंपनीच्या दप्तरात माणसाचा शेवटचा पत्ता ज्या राज्यातला, त्या राज्याकडे पैसे. पत्ताच नसेल, तर कंपनी जिथे नोंदलेली आहे त्या राज्याकडे. म्हणून तुम्ही आज बाणेरला राहत असा नाहीतर बोस्टनला, शोध घ्यायचा तो त्या काळी राहायचात त्या राज्यात. ताईचं राज्य कॅलिफोर्निया, तिथे हे खातं स्टेट कंट्रोलर सांभाळतो. न्यूयॉर्क आणि टेक्सासमध्ये कंप्ट्रोलर, न्यूजर्सीत ट्रेझरी. सगळ्या देशाची मिळून एकच सरकारी यादी नाही. मिसिंगमनी डॉट कॉमवर बऱ्याच राज्यांच्या याद्या एकत्र बघता येतात, तेही फुकट. तीन राज्यांत प्रोजेक्ट केले असतील, तर तिन्ही चाळा.

दुपारी मी लॅपटॉप घेऊन ताईकडे. पोहे, चहा आणि स्टेट कंट्रोलरची साइट.

नाव टाकलं. काही नाही.

आता आमचं आडनाव क्षीरसागर. इंग्रजीत याचं काय काय होतं, ते क्षीरसागरांनाच विचारा. सुरुवातीला के-एस-एच, कधी नुसतं के-एस, कधी चक्क एक्स. पुढे एक आय की दोन ई. कुठे मधलं नाव बाबांचं, कुठे नवऱ्याचं. कुठे आडनाव पहिलं आणि नाव शेवटी. ताई म्हणाली, "तिथे तर एका बाईने मला मिसेस सागर करून टाकलं होतं." आम्ही कागदावर अकरा स्पेलिंगं लिहिली. चौथ्याला पहिली नोंद सापडली, नवव्याला दुसरी.

पहिली पगाराची. ६१२ डॉलर. शिल्लक रजेचे पैसे कंपनीने चेकने पाठवले होते, जुन्या पत्त्यावर, ताई पुण्याला पोहोचल्यावर. कॅलिफोर्नियात न वटलेला पगार एका वर्षातच राज्याकडे जातो. बाकीच्या बहुतेक पैशांना तीन वर्षं.

दुसरी नोंद उघडली आणि ताई गप्प झाली.

बँक खातं. दोन नावं. ताईचं आणि त्याचं. २,३१६ डॉलर.

"हेच होते," ती म्हणाली. "निघाले तेव्हा खात्यात एवढेच होते."

मी स्क्रीनकडे बघत राहिले. खातं कोणी धुतलं नव्हतं. कोणी हातच लावला नव्हता. कायद्याप्रमाणे राज्याकडे पाठवण्याआधी बँकेने खातेदाराला कळवायचं असतं. पत्रं गेलीही असतील, त्याच पत्त्यावर, त्याच पत्रपेटीत, जिची किल्ली तेव्हा भलत्याच कुणाच्या जुडग्यात होती.

पोह्यांची बशी तशीच राहिली. मी पत्रकार असल्याने मला नको तिथे प्रश्न विचारायची सवय आहे, पण त्या दिवशी मी कधी नव्हे ते शहाण्यासारखी वागले आणि चहा गरम करायला गेले.

आता कागदपत्रं. ओळखपत्राची प्रत, सोशल सिक्युरिटी नंबरचा पुरावा आणि (इथेच आपले लोक अडकतात) त्या जुन्या पत्त्यावर तुम्ही राहत होता याचा पुरावा. परत येताना आपण प्रेशर कुकर आणतो, विजेची बिलं थोडीच आणतो? पण ताईच्या फायलीत डब्ल्यू-टू होता. अमेरिकेत मालक दर वर्षी पगार आणि करकपातीचा जो फॉर्म देतो, तो. त्यावर नाव, पत्ता, नंबर, सगळं एका पानावर. तिकडे काम करून आलेल्या तमाम मित्रमंडळींना विनंती, तो कागद रद्दीत घालू नका.

पगाराचा दावा ताईने एकटीने केला. चेक यायला अडीच महिने लागले. डॉलरचा चेक इथे वटवणं ही वेगळीच धमाल. तिच्या बँकेने सरळ हात वर केले, दुसरीने घेतला पण सहा आठवडे लावले आणि वर शुल्क कापलं. दावा करण्याआधी आपल्या बँकेला विचारून घ्या.

तिसऱ्या पैशांची आठवण ताईला नंतर झाली. विजेचं डिपॉझिट, १५० डॉलर. ते राज्याच्या यादीत कुठेच नव्हतं. ती राहायची त्या शहरात वीज नगरपालिकाच पुरवते. आणि नगरपालिकेचा, काउंटीचा पैसा हा वेगळा कारभार आहे, हे मला तिथल्या हिशेब खात्याला मेल केल्यावर कळलं. कॅलिफोर्नियात राज्याकडे गेलेला पैसा कधीही मागता येतो, मुदत नाही. पण स्थानिक संस्थेच्या तिजोरीत तीन वर्षं पडून राहिलेला पैसा, स्थानिक पेपरात लागोपाठ दोन आठवडे जाहिरात देऊन, तिला स्वतःकडे वळवता येतो. पहिल्या जाहिरातीपासून ४५ ते ६० दिवसांच्या आत दावा आला नाही, की संपलं. उत्तर देणाऱ्या बाई फार सौजन्याने लिहीत होत्या. जाहिरात रीतसर दिली होती म्हणे. ताई तेव्हा कोथरूडमध्ये सकाळ-संध्याकाळ आपले पेपर वाचत होती. तर ते दीडशे डॉलर आता त्या शहराचे. त्यामुळे शोधताना राज्यावर थांबू नका, तुम्ही राहायचात त्या शहराची आणि काउंटीची यादीही बघा, आणि आधी ती बघा.

(आपल्याकडेही असं असतंच. दहा वर्षं न हललेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या २०१४ साली सुरू झालेल्या निधीकडे पाठवतात. २०२३ पासून 'उद्गम' पोर्टलवर त्या शोधताही येतात. आजोबांच्या नावाने एकदा बघाच.)

राहिले २,३१६. त्या दाव्यावर दोघांचे कागद आणि दोघांच्या सह्या लागत होत्या. ताई म्हणाली, सोडून दे. मग चार दिवसांनी म्हणाली, ड्राफ्ट लिहून दे. मी दोन परिच्छेद लिहिले. तिने ते खोडून तीन ओळी ठेवल्या. खात्याची नोंद, कागदांची यादी, निम्मे-निम्मे.

आठ वर्षांनी पहिला मेल. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. सही केलेला फॉर्म, पासपोर्टची प्रत, आणि खाली एकच वाक्य, मराठीत टाइप केलेलं: "मला वाटलं होतं, तू काढलेस."

ताईने ते मला दाखवलं आणि फोन उलटा ठेवला. आईला अजून सांगितलेलं नाही. चेक आला की सांगू, असं ठरलंय.

दाव्याचा निकाल लावायला कायद्याने राज्याला १८० दिवस आहेत. आज चौसष्टावा.