तंत्रकट्टा : क्लिपला फ्लॅग, क्षणाला मार्कर

आमच्याकडे आजीचं दीड तासाचं रेकॉर्डिंग आहे. बैलगाडीतून केसलापूरला नागोबाच्या जत्रेला जायचे, ते ती सांगते, मराठीत तेलुगू शब्द मिसळत. तिच्या वर्षश्राद्धाला त्यातलं एक वाक्य हवं होतं. शोधण्यात रात्र गेली.

ही वेळ तुमच्यावर नको. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही दोन सोयी आहेत. फ्लॅग संपूर्ण मूळ क्लिपला लागतो. ती टाइमलाइनवर पाच ठिकाणी वापरली तर पाचही ठिकाणी दिसतो. मार्कर मात्र नेमक्या फ्रेमवर बसतो. फ्लॅगसाठी 'जी' दाबा, मार्करसाठी 'एम'. 'एम' दोनदा दाबलं की नाव आणि टीप लिहायची चौकट उघडते. टाइमलाइनवर आधी क्लिप निवडा. नाहीतर मार्कर टाइमलाइनला लागतो आणि क्लिप सरकवली तरी तिथेच राहतो.

रंगांचे अर्थ घरात आधीच ठरवा. यंदा पौष अमावस्येला जत्रेचं चित्रीकरण केलंत, तर मेस्राम मंडळींनी पायी आणलेल्या गोदावरीच्या पाण्याच्या क्लिपांना निळा फ्लॅग, बाजाराला पिवळा, घरच्या मोठ्यांच्या बोलण्याला हिरवा. टीप मराठीतच लिहा : कोण, कुठे, काय बोललं. हे काम त्याच आठवड्यात करा; वर्षभराने आवाज कोणाचा हेही आठवत नाही.

आजीच्या त्या वाक्यावर आता हिरवा मार्कर आहे. पुढच्या वर्षी शोधायला दोन मिनिटं पुरतील.