बर्फाची मुदत ठेव

नाताळच्या सुट्टीत काश्मीर पाहण्याची हौस आता आमच्या नातेपुत्यासारख्या गावापर्यंत पोचली आहे. गुलमर्गला गंडोल्याच्या रांगेत तासन्‌तास उभे राहायचे, भाड्याची स्की पायात अडकवायची, फोटो काढायचे. बर्फ पातळ निघाला की कपाळाला आठ्या पडतात आणि ‘पैसे फुकट गेले’ म्हणून कुरकुर सुरू होते.

वास्तविक हंगामाच्या आरंभी बर्फ पातळच असायचा. खाली दगड, झुडपे असतात. जाणता स्कीपटू थांबतो. हौशी माणूस घाई करतो आणि गुडघा दुखावून घेतो. २०२४ च्या जानेवारीत तर हे उतार जवळजवळ कोरडे होते. २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

पण नुकसान काय फक्त पर्यटकाचे? २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना काश्मिरी माणूस ‘चिल्लई कलान’ म्हणतो. या दिवसांतला बर्फ ही त्याची मुदत ठेव. पुढे ती वितळते, झेलमला येते, भातखाचरांना आणि सफरचंदाच्या बागांना मिळते. ठेवच नसेल तर काढायचे काय, हे बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला लगेच कळते.

नीरेच्या कालव्याकडे आणि आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्यांना तर ते सांगायलाच नको. मृग कोरडा गेला की घरात कशी शांतता पसरते, हे आपण जाणतो. म्हणून जमल्यास सहल फेब्रुवारीत न्यावी. मुलांच्या शाळेपायी नाताळातच जावे लागले आणि बर्फ नसला, तर स्लेजवाल्याशी हुज्जत घालू नये. ‘यंदा पाण्याचं कसं?’ एवढे त्याला जरूर विचारावे.